नऊ नंबरचा चार्ज

माझ्या नणंदबाई नोकरीतून निवृत्त झाल्या आणि माझ्या स्वयंपाकघराचा दवाखाना झाला.

चौतीस वर्षं त्या इस्पितळात सिस्टर होत्या, त्यातली शेवटची अकरा वर्षं सबंध वॉर्ड त्यांच्या हाताखाली. लग्न केलं नाही. विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात, जणू दाढ काढायची राहून गेली. नोकरी संपल्यावर इस्पितळाची खोली सोडावी लागली, तेव्हा धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे राहायला आल्या. मीच बोलावलं होतं, उगाच खोटं कशाला सांगू. पण पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं की आपण काय करून बसलो. सकाळी सहाला फ्रिजमध्ये थर्मामीटर. घासलेली कढई नाकाशी नेऊन हुंगणं. दूधवाला दारात आला की त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि "रक्त कमी आहे, पालेभाजी खात जा" असं बजावायच्या. महिनाभरात त्या बापड्यानं आमच्या दारी दुसऱ्याच माणसाला पाठवायला सुरुवात केली.

मी त्यांना वन्सं म्हणते. तोंडावर वन्सं, मनातल्या मनात त्या दिवसांत काय म्हणत होते ते राहू द्या.

"अगं, ओट्याचं फडकं आणि हात पुसायचं फडकं एकच?"

"वन्सं, सव्वीस वर्षं एकाच फडक्यावर संसार केलाय मी. मेलं का कोणी?"

"मेलं नाही म्हणून काय झालं?"

मुकाट्यानं दुसरं फडकं आणलं. आमचे हे नणंद-भावजयीच्या मध्ये कधी पडत नाहीत. पेपर उभा धरतात आणि त्याच्या मागे राहतात.

सुटका केली माझ्या लेकीनं. ती नोकरीमुळे दुसऱ्या गावी असते. सुट्टीला आली, आत्याचे हाल बघितले (माझे नाही हं, आत्याचे!) आणि स्वतःचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत खिडकीपाशी मांडून दिला. त्यात एक खेळ होता, प्राणिसंग्रहालय बांधायचा. रिकामी जमीन मिळते. तिच्यावर कुंपण घालायचं, दार बसवायचं, आत गवत, वाळू, बर्फ, पाणी, झाडं, खडक, जे त्या जनावराला मानवेल ते मांडायचं आणि मग जनावर सोडायचं. मानवलं तर त्याच्या डोक्यावर हिरवा हसरा चेहरा येतो, बिनसायला लागलं तर पिवळा, नाहीच मानवलं तर लाल रडका. बघायला माणसं येतात. आणि जनावरं तरी कसली! जिराफ, पाणघोडा, अस्वल ही आजची, आणि शिवाय जी हजारो, कोट्यवधी वर्षांपूर्वी पार संपली तीसुद्धा: केसाळ हत्ती, सुळ्यांचा वाघ, तीन शिंगांचं ते भलंमोठं धूड. ऐकावं ते नवलच.

"आत्या, तुझा वेळ मजेत जाईल," लेक म्हणाली.

"मला काय कुक्कुलं बाळ समजलीस?" वन्सं फणकारल्या. त्याच दिवशी त्यांना जेवायला बोलवायला तीन हाका माराव्या लागल्या. माझा जीव भांड्यात पडला.

बघता बघता मागच्या खोलीत वॉर्ड उभा राहिला. वॉर्डच, कारण वन्संना दुसरं काही बांधताच येत नव्हतं. जनावरांना नावं नाहीत, नंबर. एक नंबर जिराफ, चार नंबर पाणघोडा, सात नंबर सुळ्यांचा वाघ, नऊ नंबर केसाळ हत्ती. डाव्या हाताला आताची जनावरं, उजव्या हाताला जुनी, मध्ये रुंद रस्ता. तब्येतीनं नाजूक असेल तो जनावरांच्या डॉक्टरच्या खोलीलगत, धडधाकट असेल तो लांब. प्रत्येक आवाराला दोन दारं. "एकच दार ठेवलं आणि तेच अडलं तर राखणदारानं काय करायचं?" खेळातलं दार कधी अडत नाही, हे लेकीनं दहा वेळा सांगितलं. पण वन्संच्या वॉर्डचं एकदा अडलं होतं. कुठल्या साली, कुठल्या पाळीत, आत कोण होतं, हे सगळं मला आता पाठ झालंय.

आणखी एक. प्रत्येक आवारात त्या एक कोपरा असा ठेवायच्या की तो रस्त्यावरून दिसायचाच नाही. पुढे खडकाची भिंत, मागे झाडी. कंटाळलेल्या जनावरानं तिथं जाऊन खुशाल पडावं. आता खेळातल्या त्या बोटाएवढ्या माणसांच्या डोक्यावरही त्यांच्या मनातलं उमटतं. तिथं रोज ओरड: "मला हत्ती दिसलाच नाही." "तीन शिंगांचा कुठे गेला?"

"आजारी माणसाकडे टक लावून बघत बसायचं नसतं," वन्सं पडद्याला ठणकावून सांगायच्या. वर भेटायची वेळ चार ते सहा. खेळातल्या घड्याळात सहा वाजले रे वाजले की मुख्य दार बंद. लेक फोनवर हसून हसून बेजार. "आत्या, असं प्राणिसंग्रहालय जगात कोणी चालवत नाही! माणसं आली नाहीत तर चालणार कसं?"

"जनावरं सगळी हिरवी आहेत," वन्सं म्हणायच्या. आणि होतीच हो, एकूण एक हिरवी. मी स्वतः मोजली आहेत.

सगळ्यात जास्त सतावलं नऊ नंबरनं. सगळीकडे बर्फ घातला, तर चेहरा लाल. बर्फ थोडा काढून गवत घातलं, जरा कमी लाल. दाट झाडी लावली, तर हा पठ्ठ्या कुंपणाला अंग चिकटवून उभा. अकरा दिवस वन्सं हातात चहाचा कप घेऊन नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या. माऊसला हातही लावायच्या नाहीत. बाराव्या दिवशी म्हणाल्या, "त्याला थंडी हवीय गं, पण वारा नकोय."

"वारा? खेळात कुठून आला वारा?"

ऐकतात थोड्याच! उत्तरेकडून खडकांची रांग रचली, तिच्या आडोशाला बर्फ, बर्फाला लागून गवताचा पट्टा, कडेला पाणी. दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा असा खुललेला की मला वाटलं लेकीचा काही आनंदाचा फोन आला. "नऊ नंबरनं आज खाल्लं," म्हणाल्या. आणि मी शहाणी, गॅस बंद करून, ओल्या हातानं, बघायला गेले. खरंच खात होता. सोंडेनं गवत उपटायचा, पायावर आपटून माती झाडायचा, मग तोंडात. मला तो फार आवडला. हे मी वन्संना सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसल्या असत्या.

असं दीड वर्ष बरं चाललं. मग वन्सं जिना चढताना थांबायला लागल्या. मध्येच उभ्या राहून कठड्यावर बोट फिरवायच्या, "किती ही धूळ," म्हणायच्या. धूळ बघायला माणूस एका जिन्यात तीनदा थांबत नाही. मी ह्यांना सांगितलं आणि दोघांनी मिळून त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, अक्षरशः ओढत. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप खराब झाली होती, बदलायला हवी. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली.

वन्संनी ती ढकलली. "दोन नंबरला पिल्लू होणार आहे." दोन नंबर म्हणजे अस्वल. मी हसले, म्हटलं चालायचंच, बाई घाबरली असेल. दुसरी तारीख मिळाली. तीही ढकलली. "सात नंबरला नवीन जागेत हलवलंय, अजून रुळला नाही." ह्या खेपेला मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला आत बोलावून स्पष्ट सांगितलं की तिसरी तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल ते सांगता येणार नाही, आणि झडप तोवर थांबेल असं त्यांना वाटत नाही. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र असा राग आला होता की घरी येताच चप्पल न काढता मागच्या खोलीत गेले.

"वन्सं, पुरे झाली थेरं! ती जनावरं खोटी आहेत. बटण दाबलं की थांबतात!"

"थांबतात म्हणजे काय होतं, माहीत आहे?" त्या पडद्याकडेच बघत होत्या. "चार नंबरनं तोंड उघडलंय. महिनाभर तसाच उभा राहू दे? तोंडातला घास गिळायचा नाही त्यानं? नऊ नंबरनं पाय उचललाय, तो टेकायचा नाही?"

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. पाळी संपली म्हणून सिस्टर पर्स उचलून घरी जात नाही. पुढची सिस्टर येते, दोघी खाटेखाटेपाशी उभ्या राहतात, कोणाला काय झालंय, कोणाला काय द्यायचंय ते हिनं सांगायचं, तिनं समजून घ्यायचं. त्याला चार्ज देणं म्हणतात. चार्ज दिल्याशिवाय मी चौतीस वर्षांत वॉर्ड सोडला नाही, आणि आता सोडणार नाही."

"मग द्या ना चार्ज!"

"कोणाला देऊ?"

"मला!"

तोंडातून निघून गेलं. धनुष्यातून सुटलेला बाण आणि माझ्या तोंडातून सुटलेला शब्द, दोन्ही परत येत नाहीत. माझं निम्मं आयुष्य असंच घडलंय. वन्संनी खुर्ची फिरवली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुला माऊस धरता येत नाही."

"शिकवा."

शिकवलं. बारा दिवस होते हातात, आणि त्या बारा दिवसांत मला कळलं की शिकाऊ पोरी ह्यांना इस्पितळात "मोठ्या सिस्टर" का म्हणायच्या आणि कोपऱ्यात जाऊन का रडायच्या. माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या, धाप लागली की खुर्चीची पाठ धरायच्या, पण बोलणं थांबायचं नाही. "पाणी आधी बघ, मग खाणं." "लाल झाल्यावर धावू नकोस, पिवळा झाल्यावर धाव." "जनावराकडे बघ गं, चेहऱ्याच्या खुणेकडे काय बघतेस! खूण उशिरा येते."

पाचव्या दिवशी मी व्हायचा तो घोटाळा केला. रस्त्यावरचं एक बाकडं हलवायला गेले आणि बाकड्याऐवजी सात नंबरचं कुंपण पुसून टाकलं. सुळ्यांचा वाघ रस्त्यावर! माणसं सैरावैरा पळतायत, शहामृगांनी वेगळाच गोंधळ मांडलाय. मी अशी किंचाळले की हे पेपर टाकून धावत आले. ह्यांनी पेपर टाकलेला मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"ओरडू नकोस," वन्सं म्हणाल्या, अगदी खालच्या आवाजात. "आधी माणसं बाहेर काढ. मुख्य दार उघड. हं. आता वाघाला वरून उचल. घाई नको, निसटेल. त्याच्या जागी ठेव. आता कुंपण लाव. लागलं? नीट बघ, लागलं? आता रड हवं तर."

मी रडतच होते.

"वाघ कधीतरी सुटतोच," त्या म्हणाल्या. "माझ्या हातूनही सुटलेत. सुटला ह्याचं काही नाही."

त्यांच्याच जुन्या इस्पितळात दाखल व्हायच्या दिवशी सकाळी वन्संनी इस्त्रीचे कपडे घातले, केस चापून बांधले, आणि आम्ही दोघी पडद्यापुढे उभ्या राहिलो. उभ्या, बसून चार्ज देत नाहीत म्हणे. त्यांनी एकापासून सुरुवात केली. एक नंबर, डावा पाय जरा जपून टाकतो. दोन नंबरचं पिल्लू आईला सोडत नाही, सोडवायला जाऊ नको. चार नंबर, पाणी रोज बदलायचं. सात नंबर रुळलाय, पण त्याच्या कुंपणापाशी तू कमी जा. इथं माझ्याकडे एक तिरका कटाक्ष. नऊ नंबर, वय झालंय, खातो पण सावकाश, लक्ष असू दे. चौदाच्या चौदा झाले. शाळेच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं, खाली त्यांनी सही केली, शेजारी मला करायला लावली. मग त्यांनी पिशवी उचलली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

ऑपरेशन सहा तास चाललं. नीट झालं. काचेतून बघितलं तेव्हा नळ्यांच्या जाळ्यात वन्सं एवढ्याशा दिसत होत्या. हयातभर जिच्या पावलांचा आवाज ऐकून लोक सावरून बसायचे, ती बाई तिथं डोळे मिटून पडलेली, आणि कोणीतरी तिच्या नाकातली नळी सरळ करत होतं. मला फार वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण आठ-दहा दिवस मनाला लागेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका.

मी रोज सकाळी इस्पितळात जायचे, दुपारी घरी यायचे आणि चार वाजता मागच्या खोलीत ड्युटीवर बसायचे. पाणी आधी, मग खाणं. वहीत नोंदी करायचे. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी नऊ नंबरनं गवताला तोंड लावलं नाही.

चेहरा पिवळा झाला होता. मी धावले, म्हणजे माऊस धावला. जनावरांचा डॉक्टर पाठवला. तो आला, बघून गेला. नऊ नंबर हळूहळू चालत खडकामागे गेला, पुढचे पाय दुमडून बसला, आणि वर पाटी आली: केसाळ हत्ती वृद्धापकाळानं मरण पावला.

मी लेकीला फोन लावला. रडत होते की ओरडत होते, आठवत नाही.

"आई, आई, ऐक. सेव्ह केलंस का?"

"नाही."

"मग काही झालेलंच नाही! बंद कर, परत चालू कर. कालच्या जागेवरून सुरू होईल."

केलं. आणि काय आश्चर्य, नऊ नंबर उभा! मी त्याला मोठ्यानं म्हटलं, "आता नीट खा बाबा." अर्ध्या तासात परत गेला. तिसऱ्या वेळी मी दोन डॉक्टर ठेवले, चाऱ्याचा ढीग घातला, बघायला आलेल्या सगळ्यांना हाकलून दिलं. तरी गेला. मग लेकच म्हणाली, "आई, मग उघडूच नकोस. आत्या येईपर्यंत बंद ठेव. जिवंतच राहील तो." युक्ती बिनचूक होती, पण मी चार्ज घेतला होता. उरलेल्या तेरा जणांनी माझ्या भित्रेपणापायी पाण्यावाचून थांबायचं का?

चौथ्या वेळी मी काही केलं नाही. तो खडकामागे गेला तशी चित्र फिरवून फिरवून त्याच्या जवळ नेलं, जितकं जातं तितकं, आणि बसले. त्याच्या पाठीवरचे केस हलत होते. हसू नका मला, पण तिथं वारा असावा असं वाटलं खरं. हे चहा घेऊन आले, काही न विचारता शेजारी स्टूल घेऊन बसले. सव्वासातला तो गेला. ह्या वेळी मी सेव्ह केलं.

वहीत मात्र लिहिलं: नऊ नंबर, ठीक, खाल्लं. डॉक्टरांचे शब्द डोक्यात होते ना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एक खोटं लपवायला दुसरं, आणि मी ते चांगल्या अक्षरात लिहीत होते.

ऑपरेशनला सात दिवस झाले तेव्हा वन्संना साध्या वॉर्डात आणून एक दिवस झाला होता, आणि तेवढ्यात त्यांनी तिथल्या पोरींना भंडावून सोडलं होतं. चिकटपट्टी अशी लावतात का, ताप लिहिलास त्याची वेळ कुठाय, माझा कागद मला दाखव. मी गेले तर म्हणाल्या, "वही."

चष्मा लावून वाचायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. खाई त्याला खवखवे.

"दोन नंबरचं पिल्लू पाण्यात पडलं. चांगलं काढलंस. चार नंबर रुसला. बरोबर, तो रुसतोच." पान उलटलं. "आणि नऊ नंबर?"

"त्याचं काय?"

"एके दिवशी खाल्लं. दुसऱ्या दिवशी खाल्लं. तिसऱ्या दिवशीही खाल्लं. इतर कोणी चिखलात लोळतंय, कोणी पाय ओढतंय, आणि हा नुसता खातोय?" चष्मा काढला. "खरं लिहवत नाही ना, तेव्हा पोरी असं लिहितात. कधी गेला?"

माझी ततपप झाली. त्यांच्या उशाशी ते यंत्र होतं, हृदयाची रेघ काढणारं. मी त्या रेघेकडे बघत बघतच सांगितलं, "चार वेळा गेला."

"चार वेळा?"

मग सगळं सांगितलं. बंद केलं, चालू केलं, दोन डॉक्टर, चाऱ्याचा ढीग, माणसांना हाकललं ते. वन्संना हसू फुटलं, छातीवर उशी दाबून धरली, "हसवू नकोस मेले, टाके ओढतात," आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही.

"आणि चौथ्या वेळी काय केलंस?"

"काही नाही. बसले नुसती."

"किती वेळ?"

"गेला तोवर."

वन्संनी वहीतलं ते पान पुन्हा उघडलं. "मग हे वहीत का नाही लिहिलंस?"

"काय लिहू? बसले म्हणून?"

"तेच लिहायचं असतं गं," त्या म्हणाल्या. पेन माझ्या हातात दिलं आणि मी खोडाखोड करून लिहीपर्यंत बघत राहिल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "तारखा मी जनावरांसाठी नव्हत्या ढकलल्या."

"मग?"

"घाबरले होते. चौतीस वर्षं खाटेच्या ह्या बाजूला उभी राहिले. त्या बाजूला निजायचं कसं, ते मला येत नाही. आपण असे पडलेले, आणि आपलं सगळं दुसऱ्या कोणाच्या हाती."

मला इतकं भरून आलं की मी त्यांच्यावरच खेकसले. "पुरे, पुरे! डॉक्टरांनी जास्त बोलायला मनाई केलीय. पाणी प्या." पेला मी त्यांच्या तोंडाशी धरला. एरवी हातातून हिसकावून घेतला असता. प्यायल्या.

चार दिवसांनी घरी सोडलं. ह्यांनी पिशव्या खाली नेल्या. वॉर्डातली तरुण सिस्टर गोळ्यांची पाकिटं आणि घरी काय काय करायचं त्याचा कागद घेऊन आली आणि सवयीनं वन्संच्या पुढे धरून म्हणाली, "मोठ्या सिस्टर, तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हाला सगळं माहीतच आहे."

वन्संनी कागदाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले.

"मला नको, हिला सांग," त्या म्हणाल्या. "मी आता हिच्याकडे आहे."

पोरगी माझ्याकडे वळली. मी पर्समध्ये पेन शोधायला लागले, सापडेना, कारण डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं.

"सावकाश सांग हं," मी तिला म्हटलं, "मला एकदा सांगून कळत नाही."